आधी स्टिअरिंग, मग ब्रेक, शेवटी पाईप : जुन्या फोर्ड पिकअपची नोंद



आजची नोंद वेलीची नाही, गाडीची आहे. छाटणी, पाणी, भुरी यावर वाचायला येणाऱ्यांनी थोडी कळ काढावी. गाडीसुद्धा शेतीचंच अवजार आहे आणि ती नेमकी हंगामात उभी राहिली तर काय होतं हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी मूळचा तासगाव भागातला, घरी द्राक्ष आणि बेदाणा. सध्या कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या खालच्या अंगाला सेल्माजवळ थॉमसन सीडलेसची बाग खंडानं करतोय. आपण घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या रॅकवर सावलीत वाळवतो. इथं ऑगस्टअखेर घड तोडून ओळींच्या मधल्या जमिनीवर कागदाचे ट्रे अंथरतात आणि त्यावर उन्हात वाळवतात. म्हणजे त्या दिवसांत कागदाचे गठ्ठे, पिण्याचं पाणी, माणसं आणि मागं ट्रेलर, हे सगळं घेऊन दिवसभर ओळीओळीनं फिरायचं. हे काम करते एक १९६९ ची फोर्ड एफ-१०० पिकअप. बागेबरोबर खंडात आलेली. मालकांच्या वडिलांनी घेतलेली, मालकांनी आयुष्यभर वापरलेली, आणि आता त्यांच्या मुलाचा जीव तिच्यात अडकलेला.

इंजिन ३६० क्युबिक इंचाचं व्ही-८, आपल्या हिशेबानं सुमारे ५.९ लिटर, पेट्रोल. त्या काळच्या मोजण्याच्या पद्धतीनं कंपनी २१५ घोडे सांगायची. घोड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढतं. हातानं बदलायचे चार गिअर, त्यात पहिला तर बैलाच्या चालीचा.

पुढचा भाग का बदलला

फोर्डनं १९६५ पासून या पिकअपला पुढं ट्विन आय-बीम नावाची रचना दिली. दोन लोखंडी बीम, प्रत्येक चाकाला एक, वर कॉइल स्प्रिंग. मजबुतीला तोड नाही. पण चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलतो, त्यामुळं टायर एका बाजूनं खातं आणि जुनी झाल्यावर गाडी रस्त्यावर भरकटते. मालकांच्या मुलानं दोन हिवाळ्यांपूर्वी ते सगळं काढलं आणि भंगारातल्या पोलिसांच्या क्राऊन व्हिक्टोरिया गाडीचा पुढचा संच बसवला.

हा बदल इकडं बरेच जण करतात, त्याला कारण आहे. २००३ पासूनच्या क्राऊन व्हिक्टोरियात ॲल्युमिनियमचा क्रॉसमेंबर, वरखालचे आर्म, शॉक, डिस्क ब्रेक आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग असं सगळं एकाच जोडणीत निघतं. २०११ पर्यंत ही गाडी निघाली, पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी ढिगानं वापरली, त्यामुळं भंगारात सहज मिळते. ट्रकच्या चासीत थोडी काटछाट करून तो संच बसतो. चाकं मात्र बदलावी लागतात. जुन्या एफ-१०० चे पाच नट साडेपाच इंची वर्तुळात, म्हणजे आपल्या जुन्या महिंद्र जीपसारखेच. क्राऊन व्हिक्टोरियाचे साडेचार इंची वर्तुळात.

गाडी चालवायला एकदम नवी झाली. ब्रेक लागतात, टायर सरळ झिजतं. पण एक गोष्ट उरली. डाव्या बाजूचा जुना बिडाचा मॅनिफोल्ड आता जागेवर बसेना. त्याचं तोंड जिथं खाली वळतं बरोबर तिथूनच नवीन स्टिअरिंगचा शाफ्ट जात होता. मधल्या काळात एक वेडावाकडा वेल्ड केलेला पाईप घालून काम चाललं होतं. तो मे महिन्यात चिरला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली आणि घरात हेडरवरून चर्चा सुरू झाली.

हेडर म्हणजे काय, आपल्या भाषेत

इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो त्या तोंडांवर कंपनी बिडाचा एक जाड डबा बसवते, तो मॅनिफोल्ड. चारही तोंडं त्या एकाच डब्यात सुटतात. हेडर म्हणजे प्रत्येक तोंडाला स्वतंत्र वाकवलेली नळी, आणि पुढं चारही नळ्या एका मोठ्या नळीत, म्हणजे कलेक्टरमध्ये एकत्र.

पाटाच्या पाण्याची पाळी आठवा. प्रत्येकाची पाळी वेगवेगळ्या वेळेला असेल तर चारीला त्रास नाही. शेजारच्या दोघांनी लागोपाठ दारं उघडली की पाणी फुगतं आणि वरच्याच्या शेतात मागं चढतं. या इंजिनाच्या सिलिंडरची पाळी १-५-४-२-६-३-७-८ अशी आहे. पहिले चार उजव्या बाजूला, पाच ते आठ डाव्या बाजूला. आता बघा, डावीकडं ७ आणि ८ लागोपाठ सुटतात आणि दोघं शेजारी शेजारी. उजवीकडं ४ आणि २ लागोपाठ. बिडाच्या डब्यात एकाचा धूर दुसऱ्याच्या तोंडावर जातो. प्रत्येकाला स्वतंत्र नळी दिली की हा धक्का कमी होतो. शिवाय एका नळीतून वेगानं गेलेला वायू मागं थोडी पोकळी सोडून जातो आणि पुढच्याला ओढून घेतो. हेडरचा फायदा तो हाच.

पण ही ओढ नळीतल्या वेगावर अवलंबून आहे. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. सबमेन गरजेपेक्षा मोठी टाकली की पाण्याचा वेग पडतो आणि गाळ तळाशी बसतो. नळी जाड म्हणजे चांगली, असं नसतं. या इंजिनांसाठी बाजारात पावणेदोन इंची नळीचे हेडर जास्त दिसतात. ते वरच्या आरपीएमला पळवायच्या किंवा मोठ्या केलेल्या इंजिनाला ठीक. आमची गाडी हंगामात क्वचित तीन हजाराच्या वर जाते. तिला एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर पुरे. खालच्या आरपीएमला वेग टिकतो आणि ओढ राहते. शिवाय बारीक नळीला जागा कमी लागते, आणि आमची खरी लढाई जागेचीच होती.

तीन माणसं, तीन मतं

मुलाचं म्हणणं लाँग ट्यूब. प्रत्येक नळी अडीच-तीन फूट लांब, कलेक्टर पार चासीखाली. ताकद सगळ्यात जास्त यातूनच मिळते, यात तो खोटं बोलत नव्हता. आवाजही दमदार. आजोबांची गाडी गावच्या मिरवणुकीत घेऊन जायची त्याची हौस आहे आणि ती मला कळते. आपल्याकडं बैलपोळ्याला बैल सजवतो तसंच ते.

मालकांचं म्हणणं, बिडाचाच मॅनिफोल्ड कुठून तरी जुळवा. बिडाला पन्नास वर्षं काही झालं नाही, पातळ नळी दहा वर्षांत सडते. हेही खरं.

माझं मत विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, की गाडी चालवणार मी, शेजारी बाकड्यावर दोन माणसं बसणार. माझी मागणी ताकदीची नाही. वळवताना स्टिअरिंग अडकू नये, ब्रेकचं तेल उकळू नये, केबिनमध्ये धूर येऊ नये आणि गाडीखालचं गवत पेटू नये. या चार गोष्टी देणारा कुठलाही पाईप मला चालेल.

मुलाचा चेहरा पडला. पण त्यानंच टॉर्च घेऊन मला गाडीखाली बोलावलं आणि म्हणाला, दाखव कुठं अडतंय. तिथून पुढं काम सुरळीत झालं.

डावी बाजू

इकडं स्टिअरिंग डावीकडं असतं हे लक्षात ठेवून वाचा. या इंजिनाच्या डाव्या बाजूला आधीच दाटी आहे. पुढं पेट्रोलचा पंप, त्याच्याजवळ ऑइल फिल्टर, मागं क्लचची दांडी, खाली चासीला लागून ब्रेकची नळी. जुन्या रचनेत स्टिअरिंगचा दांडा वरून थेट गिअर बॉक्सपर्यंत बाहेरच्या अंगानं जात होता. रॅक आल्यावर शाफ्टला इंजिन आणि चासी यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून खाली उतरावं लागतं. हेडरच्या चार नळ्याही त्याच बोळातून उतरतात. बोळ एक, उतरणारे पाच.

उजवीकडं एकच अडचण, स्टार्टर. नळी त्याच्या फार जवळून गेली की तापलेल्या इंजिनावर स्टार्टर जड फिरतो. थंड झाला की पुन्हा ठीक. बॅटरी बदलत बसतात लोक, दोष उष्णतेचा असतो.

म्हणून आम्ही क्रम ठरवला. आधी इंजिन, मग स्टिअरिंग, मग ब्रेक, मग पेट्रोल, आणि सगळ्यात शेवटी पाईप. जे हलवता येत नाही ते आधी पक्कं करायचं. पाईप हा एकच भाग असा आहे की जो वाकवून मिळतो.

*इंजिन.* क्रॉसमेंबर आडवा आल्यामुळं ऑइलचा सम्प मागं असलेला पॅन आधीच लावला होता. इंजिनाचे रबरी माउंट जुने होते, ते बदलले. दबलेल्या माउंटवर माप घेतलं तर नवे घातल्यावर सगळी मापं सरकतात. माप घेताना गाडी चाकांवर उभी हवी आणि इंजिनाचं पूर्ण वजन माउंटवर हवं. क्रेनला लटकवलेल्या इंजिनाचं माप कामाचं नाही.

*स्टिअरिंग.* दोन क्रॉसमध्ये (युनिव्हर्सल जॉइंटला आपले मिस्त्री क्रॉसच म्हणतात) शाफ्ट सरळ नेला की तो नळ्यांच्या मधोमध येत होता. तिसरा क्रॉस घालून तो आधी चासीकडं बाहेर ढकलला आणि मग खाली आत वळवला. तीन क्रॉस घातले की मधल्या तुकड्याला चासीवर बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर तो मध्येच लचकतो आणि स्टिअरिंग फिरवलं तरी चाक वळायला वेळ लागतो. एका क्रॉसचा कोन तीस-पस्तीस अंशांच्या वर नेऊ नये आणि क्रॉसचे काटे एकमेकांशी नीट जुळवून बसवावेत. नाहीतर स्टिअरिंग एका जागी हलकं आणि एका जागी जड लागतं. हे काम ओळखीच्या वेल्डरकडून न करता तयार स्प्लाइनवाले तुकडे आणून केलं. स्टिअरिंगवर वेल्डिंगची काटकसर नको, यावर तिघांचंही एकमत.

*ब्रेक.* डॉट-३ तेल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण हवेतला ओलावा शोषल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. हेडरचा पृष्ठभाग भार असताना १४० च्या कितीतरी वर असतो. आम्ही ब्रेकची नळी चासीच्या बाहेरच्या बाजूला घेतली आणि जिथं जवळीक टळत नव्हती तिथं मध्ये पत्र्याचा आडोसा दिला. पत्रा नळीला चिकटवून नाही, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा.

*पेट्रोल.* इथं जुलै-ऑगस्टला पारा चाळिशी ओलांडतो. पंपाजवळून गरम पाईप गेला तर पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि ओळीच्या मध्यावर गाडी बंद. पंपाला आणि नळीला आडोसा केला, कार्ब्युरेटरकडं जाणारी नळी इंजिनापासून लांब फिरवली.

पाईपची निवड

एवढं झाल्यावर डाव्या बोळात किती जागा उरली ते आम्ही मोजलं. मुलानं पुठ्ठ्याच्या नळ्या आणि जाड तार घेऊन चार वाटा करून पाहिल्या. लाँग ट्यूबच्या नळ्या शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी न्याव्या लागत होत्या, म्हणजे शाफ्ट मध्ये आणि चहूबाजूंनी भट्टी. शिवाय कलेक्टर चासीच्या खाली चार बोटं लोंबत होता. आमच्या ओळीत वरंबे आहेत, कडेला पाण्याच्या व्हॉल्व्हची तोंडं आहेत. पहिल्याच आठवड्यात आपटला असता. हे त्यानं स्वतःच पाहिलं आणि स्वतःच तो पर्याय खाली ठेवला. मला काही बोलावं लागलं नाही.

बिडाचे दुसऱ्या गाड्यांचे मॅनिफोल्डही पाहिले. मिळत होते, पण कुणाचं तोंड शाफ्टवर, कुणाचं क्लचच्या दांडीवर. तेही सुटलं.

उरला मधला मार्ग : ब्लॉकला चिकटून उतरणारा आणि मागं वळणारा आखूड हेडर. कलेक्टर गिअर बॉक्सच्या अलीकडंच संपतो, चासीच्या वर राहतो. ताकदीत हा लाँग ट्यूबची बरोबरी करत नाही, बिडापेक्षा थोडा बरा एवढंच. पण आम्हाला हवं होतं ते जागेत बसणं, आणि ते यानं दिलं.

मागवण्यापूर्वी जे तपासलं ते लिहून ठेवतो :

१. हेडवरच्या बोल्टच्या भोकांची रचना. या घराण्यातल्या इंजिनांच्या हेडवर एकापेक्षा जास्त रचना आहेत. इंजिनाचं नाव सांगून मागवू नका, भोकं मोजून मागवा.

२. फ्लँजची जाडी. आम्ही तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर घेतली. पातळ फ्लँज तापून वाकते आणि मग गॅस्केट कितीही बदला, फुसफुस जात नाही.

३. नळीच्या पत्र्याची जाडी. १६ गेजपेक्षा १४ गेज जाड. रोजच्या कामाच्या गाडीला जाड घ्यावी.

४. लेप. साधा काळा रंग पहिल्या महिन्यात जळतो. सिरॅमिक लेपाला पैसे जास्त पडतात, पण गंज लांबतो आणि बाहेर फेकली जाणारी उष्णताही कमी होते. इथं साधा संच काही शे डॉलरला येतो आणि चांगला लेपवाला हजाराच्या घरात जातो.

५. कापडी पट्टी गुंडाळायची का. आम्ही नाही गुंडाळली. पट्टी उष्णता आत ठेवते, पण पाऊस-धुक्याचा ओलावाही धरून ठेवते आणि साध्या पोलादाची नळी आतल्या आत सडवते. हिवाळ्यात या खोऱ्यात दाट धुकं असतं.

६. स्पार्क प्लगला पाना लागतो का. हसू नका. असेही हेडर आहेत की प्लग बदलायला हेडर सोडवावा लागतो.

बसवल्यावरची तपासणी

हेडर लावून बोल्ट हातानं घट्ट केले आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वरखाली करत पुन्हा तेच. शाफ्ट आणि नळी यांत आम्ही किमान पाऊण इंच अंतर धरलं होतं. थंड आणि उभ्या गाडीत पाऊण इंच म्हणजे खूप वाटतं. पण हे इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. जोर पडला की ब्लॉक उलट कलतो आणि ड्रायव्हरकडची बाजू वर उचलली जाते. म्हणजे ट्रेलर ओढताना नेमका डावा हेडर हलतो. म्हणून ब्रेक दाबून, क्लच अर्धा सोडून, बॉनेट उघडं ठेवून एकानं बाजूला उभं राहून पाहिलं. समोर कुणी उभं राहायचं नाही, हे सांगायला नको.

अंतर कळायला अजून एक साधा उपाय. नळी आणि शाफ्टच्या मध्ये ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. गोळा जिथं सगळ्यात पातळ होतो तिथलं माप खरं.

पहिल्यांदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड करून सगळे बोल्ट पुन्हा आवळले. आठवड्यानं पुन्हा, महिन्यानं पुन्हा. नव्या गॅस्केटचे बोल्ट सैल होतातच. इथं आळस केला तर आधी टिक-टिक आवाज येतो, मग गॅस्केट जळतं आणि धूर बॉनेटखालून केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. काचा बंद करून बसलेल्या तीन माणसांना डोकं दुखायला लागलं की ते उन्हामुळं असं समजून पाणी पितील. जुन्या गाडीच्या केबिनमध्ये क्लच आणि वायरीसाठी पाडलेली भोकं असतात, त्यांचे रबर आम्ही त्याच दिवशी बदलले.

हेडर लावल्यावर इंजिन थोडी जास्त हवा घेतं, त्यामुळं प्लगचा रंगही बघा. पांढरे दिसले तर कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो.

गवत

हा मुद्दा सगळ्यात शेवटी लिहितोय, पण माझ्या मनात तो पहिला होता. इथं मे नंतर पाऊस नाही. टेकड्या सोनेरी दिसतात, फोटोला छान, पण ते सगळं वाळलेलं गवत असतं. गवताळ आणि झुडपी जमिनीवर चालणाऱ्या इंजिनांना ठिणगी अडवणारी जाळी लावण्याचा कायदाच कॅलिफोर्नियात आहे. गरम पाईप असलेली गाडी उंच वाळल्या गवतावर उभी करणं म्हणजे काडी टाकणं. आमच्या ओळीत तर जमिनीवर हजारो कागदी ट्रे पसरलेले असतात, वर वाळणारा माल.

म्हणून कलेक्टर चासीच्या वर राहणं हा माझ्यासाठी ताकदीपेक्षा मोठा मुद्दा होता. पुढचा अडीच इंची पाईपही चासीच्या आतल्या अंगानं वर नेला, सायलेन्सर घट्ट आणि न फुटलेला घेतला, शेपटी ट्रेच्या बाजूला न काढता मागं काढली. गाडीत पाण्याचा पंप आणि फावडं कायम असतं. गाडी उभी करायची ती नांगरलेल्या पट्ट्यावरच.

तिकडंही हेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेला गहू, उसाचं पाचट, कडब्याची गंजी आणि तिथं उभा केलेला तापलेला ट्रॅक्टर. दरवर्षी कुठं ना कुठं गंजी जळाल्याचं ऐकतो. सायलेन्सर फुटला असेल तर हंगामापूर्वी बदला. मळणीच्या दिवशी नाही.

हंगामानंतर

गेल्या हंगामात गाडीनं पूर्ण काम केलं. भरलेला ट्रेलर घेऊन कालव्याच्या चढावर पूर्वी दुसरा गिअर टाकावा लागायचा, आता तिसऱ्यात चढते. पेट्रोलच्या खर्चात मोजता येईल असा फरक दिसला नाही. आवाज थोडा भारी झाला, मुलगा तेवढ्यावर खूश आहे. बोल्ट तीन वेळा आवळले, गॅस्केट टिकलं. मालक अजून म्हणतात बीड ते बीड. दहा वर्षांनी बघू.

आपल्याकडच्या तरुण मंडळींसाठी दोन शब्द. हे वाचून आपल्या जीपचा पुढचा भाग कापायला घेऊ नका. इकडं १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांची धुराची तपासणी माफ आहे. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. आधी आरटीओत विचारा. आणि टर्बोच्या डिझेल गाडीला तर मॅनिफोल्डवरच टर्बो बसलेला असतो, तिथं हे हेडर प्रकरण लागूच होत नाही.

पण क्रम मात्र कुठल्याही यंत्राला लागू आहे. ट्रॅक्टरला लोडर बसवा, ब्लोअर बसवा, जुन्या पंपाला नवी मोटार जोडा. एक भाग बदलला की शेजारचे चार भाग पुन्हा मोजायला लागतात. आधी माणसाचा जीव ज्याच्यावर आहे ते पक्कं करा, मग जे पेटू शकतं ते, आणि ताकद वाढवायचं त्यानंतर बघा. आमच्या गाडीत लांब पाईपानं दहा-वीस घोडे जास्त दिले असते. ते घोडे बांधायला आमच्याकडं जागा नव्हती.

पुढची नोंद पुन्हा वेलीची. छाटणीला आठ दिवस उरलेत.